उलट्या घोडागाडीची चाकं

नालबंदानं तो ट्रेलर आणून अंगणात उभा केला, तेव्हा मागून पाहिला तर तो बरा दिसत होता, समोरून पाहिला तर चालून जाण्यासारखा होता, आणि बाजूनं पाहिला तर आपणच नजर दुसरीकडे वळवावी असा होता. कारण बाजूला चाकं होती.

ट्रेलर जुनाच घेतला होता. दोन घोडे मावतील एवढा, वर छप्पर, आत मधोमध फळीचा आडोसा, आणि मागचं दार असं की ते खाली पाडलं की त्याचाच उतार व्हायचा आणि घोड्यानं त्यावरून चढून आत जायचं. जीपच्या मागे जोडून ओढायची ही गाडी गल्लीत कोणी पाहिलेली नव्हती. समोरचा घड्याळजी दुकानातून उठून आला आणि ही घोडागाडी का, म्हणून विचारू लागला. नालबंद म्हणाला, घोडागाडीच, पण उलटी; हिला घोडा ओढत नाही, हीच घोड्याला ओढून नेते. झालं, तेव्हापासून गल्लीत तिचं नाव 'उलटी घोडागाडी' पडलं ते पडलंच.

नालबंदाची बायको घराच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर चालवायची. तिला सगळे पार्लरवालीच म्हणत. समोरच्या माणसात आधी काय खटकतं ते टिपण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे तिची नजर थेट चाकांवर गेली आणि तिथेच अडकली. चार चाकं आणि चौघांची चार तोंडं. एकेकाळी ती पांढरी असावीत असा नुसता संशय घेता येत होता. रंगाचे पापुद्रे सुटले होते, पापुद्र्यांखाली गंज, गंजाखाली आणखी गंज. नट तांबडे पडलेले. चाकाच्या मधोमध बसणाऱ्या पत्र्याच्या टोप्यांपैकी दोन चेपलेल्या, एक धड, एक बेपत्ता. दोन जुन्या टायरांचा काळा रंग विटून पावसाळी ढगासारखा राखाडी झालेला.

"चाकं गोल आहेत ना?" नालबंद म्हणाला. "मग झालं तर."

त्याचंही चुकत नव्हतं. जे बघायला हवं ते त्यानं सगळं बघितलं होतं. खालच्या फळ्या ठोकून पाहिल्या होत्या, ब्रेक आणि मागचे दिवे तपासले होते, चाकांच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरलं होतं. दोन टायरांना चिरा गेलेल्या दिसल्या, तर टायरवाल्याकडून ते बदलून घेतले होते. आता राहता राहिलं रूप, आणि रूपाशी त्याचं कधीच फारसं देणंघेणं नव्हतं. घोडी आत बसणार, बाहेरची चाकं तिला काय दिसणार आहेत, असा त्याचा रोकडा सवाल होता.

पार्लरवालीनं विषय तिथेच सोडलाही असता. पण तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी ट्रेलरला एक फेरी मारली. दार बघितलं, छप्पर बघितलं, आतल्या फळीवरून हात फिरवला. मग एका चाकापाशी थांबल्या. थांबल्या त्या बराच वेळ थांबल्या. आणि काही न बोलता घरात निघून गेल्या.

सासूबाई बोलल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. त्या बोलल्या नाहीत म्हणजे काहीतरी आत लागलं होतं, हे सुनेला कळायला वेळ लागला नाही. आणि काय लागलं तेही तिला ठाऊक होतं.

ट्रेलर आणला होता लवंगीसाठी. लवंगी म्हणजे सासूबाईंची घोडी. रंगानं लवंगेसारखी काळपट तपकिरी आणि स्वभावानं मिरचीसारखी, म्हणून ते नाव. शिंगरू होती तेव्हापासून सासूबाईंनी तिला वाढवलेली. घरात नाल ठोकायचा धंदा असल्यानं दारात घोडे रोजच येत-जात, पण स्वतःचं म्हणावं असं जनावर हे एकच. पुढे सासरे शेवटच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले. त्यांचं सगळं करता करता घोडीकडे बघायला कोणाला सवड राहिली नाही, आणि ती ठाणावर बांधून बांधून सुकायला लागली. तेव्हा दुसऱ्या गावातल्या एका बाई मुलांना घोडेस्वारी शिकवायच्या, त्यांनी लवंगीला नेते म्हटलं. जायच्या दिवशी न्यायला जो ट्रक मिळाला तो होता भंगाराचा. मोडक्या सायकली, पिंपं, पत्रे असं सगळं एका बाजूला ढकललं आणि दुसऱ्या बाजूला लवंगीला बांधलं. गल्लीच्या वळणापर्यंत ती खिंकाळत होती.

सासूबाईंनी ही गोष्ट सुनेला एकदाच सांगितली होती, वाळलेल्या चादरींच्या घड्या घालता घालता. शेवटी एवढंच म्हणाल्या होत्या, "भंगाराबरोबर गेली गं माझी घोडी." आणि चादरीची घडी उलगडून पुन्हा घातली होती.

आता त्या शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला होता. त्यांचे गुडघे थकले होते, शाळा बंद करायची होती. बाकीचे घोडे तरणे होते, त्यांना कोणी ना कोणी घेतलं असतं. पण लवंगी म्हातारी झाली होती. परक्याच्या दारात तिला धाडवत नव्हतं. तुम्ही नेता का, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनी फोन खाली ठेवला आणि झाडू घेऊन मागच्या गोठ्याकडे गेल्या. तेवढ्यावरून घरानं काय ते ओळखलं.

येत्या रविवारी जायचं ठरलं होतं. त्या संध्याकाळी पार्लरवालीनं पार्लरचं दार लोटलं, साडी खोचली, बादलीभर साबणाचं पाणी घेतलं आणि एका चाकासमोर पाट मांडून बसली.

"आता हे काय?" नालबंदानं विचारलं.

"फेशियल," ती म्हणाली.

तो हसत हसत आत गेला. पण पाच मिनिटांनी पुन्हा बाहेर आला, बाकीच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, जॅक लावून एक चाक उचललं, नट सैल केले आणि चाक काढून तिच्यापुढे आडवं टाकलं. जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, एवढं बजावलं आणि मग मात्र गेला.

धुतल्यावर चाक सुधारण्याऐवजी आणखी बिघडलेलं दिसलं. चिखलानं जे झाकलं होतं ते उघडं पडलं. पार्लरवाली डगमगली नाही. पार्लरात हे रोजचंच. तारेच्या ब्रशानं तिनं सुटलेले पापुद्रे काढले, मग जाड पॉलिश पेपर, मग मध्यम, मग बारीक. टाचा घासायचा क्रमही हाच असतो. घासता घासता गंजाची लालसर पूड तिच्या हातावर, नाकावर, केसांत बसली, आणि पुडीखालून कुठे कुठे लोखंड डोळे किलकिले करून बघायला लागलं.

इथपर्यंत सगळं छान झालं. घात केला तो घाईनं. दुसऱ्या दिवशी गंज धरू न देणारा प्रायमर मारून झाला, आणि तो नीट वाळतोय न वाळतोय तोच चंदेरी रंगाचा स्प्रे हातात घेऊन तिनं जो फवारा मारला तो थांबवलाच नाही. चाक एकदम लखलखलं. मग लखलखणारं ते सगळं हळूहळू खाली घसरायला लागलं. ओघळांवर ओघळ. त्यात वाऱ्यानं धूळ आणून टाकली. टायरवरही रंगाचे शिंतोडे उडाले ते वेगळेच.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "मेणबत्ती वितळल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या.

पार्लरवालीला आधी रडू यायला झालं आणि मग हसूच फुटलं. नखं रंगवायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला ती हेच तर सांगत आली होती, की बाई गं, पहिला हात पातळ, वाळू दे, मग दुसरा, तोही पातळ. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण. तिनं पुन्हा पॉलिश पेपर उचलला आणि सगळा रंग खरवडून काढला.

त्या दिवशी सासूबाई आत गेल्या नाहीत. त्यांनीही एक पाट ओढला. टायरवर रंग उडू नये म्हणून सून चिकटपट्टी लावायला बघत होती, पण रबराला ती काही धरत नव्हती. सासूबाई उठल्या आणि आपला पत्त्यांचा जोड घेऊन आल्या. दुपारी एकटीच्या पेशन्सच्या डावाला लागायचा तो जोड. त्यांनी एक पत्ता घेतला आणि चाकाची लोखंडी कड आणि टायर यांच्या फटीत अर्धा खोचला. मग शेजारी दुसरा, थोडा पहिल्यावर चढवून. मग तिसरा. बघता बघता चाकाभोवती राजे, राण्या आणि गुलाम दाटीवाटीनं उभे राहिले.

"आता मार काय मारायचं ते," सासूबाई म्हणाल्या. "दरबार भरलाय."

या वेळी हात हलका होता. नुसतं धुकं बसल्यासारखा पहिला थर, मग वाट बघणं. वाट बघताना बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून सासूबाई लवंगीबद्दल बोलायला लागल्या. ती शिंगरू असताना घरात कशी शिरायची, सासऱ्यांची टोपी पळवून कशी गोठ्यात ठेवायची, आणि सासरे तिच्यावर चिडून मग चोरून तिला गूळ कसे द्यायचे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण सुनेनं यातलं काही ऐकलं नव्हतं. दुसरा थर बसला. सासऱ्यांच्या आणखी दोन गोष्टी झाल्या. तिसरा थर वाळेपर्यंत दोघी इतक्या हसत होत्या की भट्टीचा भाता थांबवून नालबंद काय झालं ते बघायला आला. त्याला दोघींनी काही सांगितलं नाही.

पत्ते काढले तेव्हा चाकाची कड सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ निघाली. पत्त्यांच्या कडा मात्र चंदेरी झाल्या होत्या. चौकटच्या राणीचे केस पांढरे झालेले पाहून सासूबाई म्हणाल्या की आता ही माझ्या वयाची झाली.

एक चाक झालं आणि मग चाकांचा नाद गल्लीलाच लागला. पोस्टातल्या बाई फेस पॅक लावून घ्यायला आल्या. पॅक वाळेपर्यंत नुसतं काय बसायचं, म्हणून त्यांनी एक चेपलेली टोपी आणि पॉलिश पेपर मागून घेतला आणि हिरव्या चेहऱ्यानं अंगणात बसून घासायला लागल्या. पॅकला तडा जाईल म्हणून त्यांना हसता येत नव्हतं, आणि नेमका घड्याळजी त्याच वेळी आला. त्यानं त्यांना ओळखलंच नाही, किंवा ओळखून न ओळखल्यासारखं केलं, आणि ही पाहुणी कोण, असं सासूबाईंना विचारलं. पॅक तिथल्या तिथे फुटला. घड्याळजी मग घड्याळांच्या डब्यांना लावायचं पॉलिश घेऊन बसला आणि ज्या टोपीवर त्याचा हात फिरला ती आरशासारखी झाली. त्याचं सगळं काम बारीक; चारही चाकांचे नट त्यानं एकेक करून घासले, जणू प्रत्येकावर तास-मिनिटं लिहिलेली होती. एका दुपारी एक मुलगी ओले केस घेऊन पार्लरच्या खुर्चीत बसून राहिली, कारण केस वाळवायचं यंत्र अंगणात चाकाला वारा घालत होतं. तिनंही फार तक्रार केली नाही. खिडकीतून तिला सगळं दिसत होतं.

प्रश्न राहिला तो बेपत्ता टोपीचा. तीन चाकांना टोप्या आणि एक बोडकं, हे सुनेला बघवेना. टायरवाल्याकडे नव्हती, भंगारवाल्याकडेही नव्हती. डब्याचं झाकण लावून पाहिलं, ते बसलं पण पहिल्याच खड्ड्यात गेलं असतं. शनिवारी सकाळी ती अंगणात आली तर चौथ्या चाकावर टोपी होती. बाकीच्या तिघींसारखी हुबेहूब नव्हती. हातानं ठोकलेली, काठाला हातोडीच्या बारीक खुणा, मधे किंचित फुगीर. नालबंद पाठमोरा उभा राहून कोळसे सारखे करत होता.

"तुम्ही केलीत?" तिनं विचारलं.

"पत्रा पडला होता," तो म्हणाला. "फुकट जात होता."

तिनं टोपीवरून बोट फिरवलं. तिच्या मते चौघींत तीच टोपी देखणी होती.

रविवारी तिघं जीपनं निघाली, मागे उलटी घोडागाडी. चंदेरी चाकं, बुटाचं पॉलिश लावून काळेभोर केलेले टायर, उन्हात चमचमणाऱ्या टोप्या. रस्त्यात एका मोटारसायकलवाल्यानं शेजारून जाताना मुद्दाम वेग कमी करून चाकांकडे बघितलं. पार्लरवालीनं ते आरशात पाहिलं आणि नवऱ्यालाही दाखवलं. नालबंद म्हणाला, त्याला वाट हवी असेल. पण तोही आरशात जरा जास्तच बघत होता.

शिकवणाऱ्या बाई काठी टेकत फाटकाशी आल्या. मागे मोकळं कुरण होतं, लाकडी कुंपण, आणि दूरच्या कोपऱ्यात झाडाखाली लवंगी उभी होती. तोंडावरचे केस पिकले होते, पाठ थोडी खाली गेली होती. सासूबाई कुंपणाला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी हाक मारली नाही. सुनेला वाटलं, मारायला हवी. पण सासूबाईंनी नुसते हात कुंपणापलीकडे पुढे केले.

लवंगीनं मान वर केली. कान पुढे केले. मग चालत आली, घाई नाही काही नाही, म्हातारी माणसं चालतात तशी. आधी सासूबाईंचे हात हुंगले, मग खांदा, मग मान. आणि मग कपाळ त्यांच्या छातीला लावून असं काही ढकललं की सासूबाई दोन पावलं मागे गेल्या.

"हो गं," त्या म्हणाल्या. "उशीर झाला. माहितीये मला."

शिकवणाऱ्या बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि उगाच आभाळाकडे पाहिलं. नालबंद ट्रेलरचं दार पाडायला गेला.

इथवर सारं सुरळीत झालं आणि इथेच गाडी अडली. सासूबाई दोर धरून लवंगीला ट्रेलरपाशी घेऊन आल्या, ऊन नेमकं चाकांवर पडलं होतं, आणि त्या बाजूच्या दोन टोप्यांतून दोन सूर्य एकदम लवंगीच्या डोळ्यांत शिरले. ती फुरफुरली आणि मागे सरली. पुन्हा आणली, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा तर तिनं चारी पाय रोवले आणि मान अशी वर केली की आता काय करायचं ते करा.

नालबंदानं बायकोकडे पाहिलं. त्या एका नजरेनंच तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आठवडाभर खपून तिनं ज्या चाकांना रूप दिलं, त्या चाकांनाच घोडी भीत होती. गंजकी असती तर कदाचित केव्हाच आत चढली असती. तिनं दुसरं काही सुचेना म्हणून कुंपणाजवळच्या हौदाशी जाऊन ओंजळभर चिखल घेतला आणि टोपीवर थापायला वाकली.

"चिखलाचा हात लावू नकोस त्यांना," मागून सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण सून थांबली. "तिला वेळ दे. सजलेलं काही बघायची सवय नाही तिला. होईल."

ओंजळीत चिखल धरून पार्लरवाली तशीच उभी राहिली. आणि त्याच वेळी गोठ्याच्या मागून एक गाढव आलं.

पोटानं गोल, कानानं लांब, एका डोळ्याभोवती पांढरं कडं, आणि चाल अशी की इथला कारभार माझ्याकडे आहे. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की तो मॅनेजर. कुठून तरी भटकत आला आणि राहिला. दिवसभर गोठ्यातून कुरणात आणि कुरणातून गोठ्यात फिरून सगळं नीट चाललंय ना ते बघतो, म्हणून मुलांनी नाव मॅनेजर ठेवलं.

मॅनेजर सरळ ट्रेलरपाशी गेला. त्यानं पहिल्या चाकाचा वास घेतला. दुसऱ्या चाकाची टोपी, घड्याळजीनं आरसा केलेली, तिच्यात डोकावून बघितलं. आत त्याला कोणीतरी लांब कानांचा भला गृहस्थ दिसला असावा, कारण तो तिथून हलेना. त्यानं टोपी चाटली. मग टायरला मान घासली, डोळे मिटून, अगदी तब्येतीनं. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण चाकाची त्याला कळली होती.

लवंगीनं हे सगळं पाहिलं. तिची मान हळूहळू खाली आली. एक पाऊल पुढे टाकलं, मग दुसरं. मॅनेजरच्या खांद्यावरून तिनं नाक पुढे केलं, चाकाला लावलं, गरम श्वासाची वाफ टोपीवर उमटली, आणि तिनं एक सुस्कारा सोडला. हे एवढंच होतं तर, असा.

पार्लरवालीनं ओंजळीतला चिखल खाली टाकला.

आता घोडी चढायला तयार होती. पण मॅनेजर तिच्याआधी उतारावर चढला आणि बरोबर मध्यावर जाऊन उभा राहिला. पुढे जाईना, मागे येईना. लवंगीला वाट नाही. ढकललं, चुचकारलं, पाला दाखवला. तो नुसता कान हलवत होता. शेवटी नालबंद खाली बसला. आयुष्यभर घोड्यांचे खूर मांडीवर घेतलेला माणूस तो. त्यानं गाढवाचा पुढचा एक पाय उचलला आणि वीतभर पुढे ठेवला. मग दुसरा. मग मागे जाऊन मागचा. मॅनेजरनं हरकत घेतली नाही. दुसऱ्यानं आपले पाय उचलून ठेवावेत, यात त्याला काही वावगं वाटत नसावं.

सासूबाईंनी दोर सुनेच्या हातात दिला, कारण त्यांना हसताना धरवेना. "अडला हरी," त्या कशाबशा म्हणाल्या, "गाढवाचे पाय धरी." आणि पोट धरून कुंपणाला टेकल्या. नालबंद वळून बघायला लागला, तोल गेला, आणि उतारावरच बसला. मग तोही हसत सुटला.

मॅनेजर आत पोचला, लवंगी शांतपणे त्याच्यामागून चढली आणि फळीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. आता गाढवाला बाहेर काढायचा प्रश्न होता. तेव्हा शिकवणाऱ्या बाई जवळ आल्या. इतका वेळ त्या हसत होत्या, आता जरा चाचरत बोलल्या. तो नजरेआड झाला की लवंगी खायचं सोडते. फोनवर सांगायचं मनात होतं, पण एक म्हातारी घोडी घ्या म्हणणंच जड, त्यात वर गाढव कोण घेणार, म्हणून धीर झाला नाही.

नालबंदानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं सासूबाईंकडे.

सासूबाईंनी डोळे पुसले. ट्रेलरच्या बाजूच्या खिडकीतून आत बघितलं. दोन डोकी शेजारी शेजारी, एक पिकलेलं, एक लांब कानांचं, दोघंही गवत चघळत होती.

"जागा दोघांची आहे," त्या म्हणाल्या. "दोघं बसलेत. दार लावा."

परतीच्या वाटेवर नालबंदानं गाडी अशी चालवली की सायकलवाले पुढे गेले. वळणावर आरशात एकीकडून घोडीचं तोंड दिसायचं, दुसरीकडून गाढवाचे कान. पार्लरवालीनं नवऱ्याला हळूच विचारलं की चाकं जर जास्तच चमकत असतील तर थोडी मंद करू का. त्यानं रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं की काही गरज नाही. उलट ट्रेलरची कडही विटली आहे, पुढच्या रविवारी ती घेऊ या. 'घेऊ या' म्हणाला तो. तिनं खिडकीबाहेर बघत ते मनात दोनदा म्हणून पाहिलं.

तिघं गल्लीत शिरली तेव्हा दिवे लागायची वेळ होती. घड्याळजी दुकान बंद करायचं सोडून बाहेर उभा होता. पोस्टातल्या बाई आज स्वच्छ चेहऱ्यानं आल्या होत्या. ओल्या केसांची मुलगी आईला घेऊन आली होती. वरातीमागून घोडं म्हणतात, पण इथे घोडं यायच्या आधीच वरात दारात जमली होती. चाकांवर दिवसभराची धूळ बसली होती, एका टोपीवर मॅनेजरची लाळ वाळली होती, तरी घड्याळजीनं वाकून ती टोपी बाहीनं पुसलीच.

दार पाडलं. लवंगी उताराच्या टोकाशी थांबली. समोर अंगण, पलीकडे गोठा, उजवीकडे भट्टी. ती नाकानं हवा ओढत राहिली. मग सासूबाईंची वाट न बघता उतरली, अंगण ओलांडलं आणि कोणी न दाखवता गोठ्यात आपल्या जुन्या जागी जाऊन उभी राहिली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, जनावर दचकेल म्हणून. पण पोस्टातल्या बाईंनी ओठांवर हात दाबून धरला होता. मॅनेजर मागाहून आला. त्यानं आधी भट्टी बघितली, मग पार्लरच्या दाराशी जाऊन आत डोकावला, मग गोठा गाठला. तपासणी झाली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई लवंगीला पाय मोकळे करायला घेऊन निघाल्या. पार्लरवाली झाडून घेत होती. तिला म्हणाल्या, चल. ती झाडू ठेवून तशीच निघाली. मॅनेजर कोणी न बोलावता मागून आला. वळणापर्यंत गेल्यावर सासूबाईंनी दोर तिच्यापुढे धरला.

"धर. ओढू नकोस. नुसती चाल, ती येते."

नालबंदाच्या घरात इतकी वर्षं काढूनही पार्लरवालीनं कधी घोडा चालवत नेला नव्हता. तिनं दोर धरला. बोटांच्या पेरांत अजून चंदेरी रंग होता. ती चालायला लागली, आणि मागे टापा वाजायला लागल्या, सावकाश, एकेक. तिनं मागे वळून बघितलं नाही, पण हसू आवरेना म्हणून मान खाली घातली. सासूबाई शेजारून चालत होत्या आणि सासऱ्यांच्या टोपीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या, या वेळी थोडी वाढवून.

तळ्यापर्यंत जाऊन यायला बराच वेळ लागला. पार्लर उशिरा उघडलं. पायरीवर एक बाई आपल्या बाळाची गाडी घेऊन बसल्या होत्या आणि तिच्या चाकांकडे बोट दाखवून विचारत होत्या, की यांचं काही होईल का.